हुडहुडीचा ताप आणि यकृतातील पू

गेल्या भाद्रपदात चिंचोळी एमआयडीसीतील एका कामगाराने आपल्या वडिलांना माझ्या दवाखान्यात आणले. वय बहात्तर, मधुमेह बारा वर्षांचा. चार दिवस रोज सायंकाळी हुडहुडी भरून ताप येई आणि पॅरासिटामॉल दिले की उतरे. मीही प्रथम मलेरिया आणि डेंग्यूचाच विचार केला. उजव्या बरगड्यांवर हलकेच ठोकताच ते कळवळले, तेव्हा कुठे सोनोग्राफीसाठी सोलापूरला धाडले. यकृतात पुवाचे मोठे गळू निघाले. मुलगा चकित झाला. म्हणाला, "डॉक्टर, बाबा तर दारूला शिवतही नाहीत!"

आपल्याकडे यकृतातील पू म्हटला की शिंदी-दारू आठवते, आणि ते अकारण नाही. अमीबामुळे होणारे गळू मद्यपींमध्ये अधिक आढळते. या गृहस्थांच्या पुवात मात्र क्लेब्सिएला न्युमोनिए नावाचा जिवाणू वाढला.

हा जिवाणू अनेकांच्या आतड्यात निमूटपणे राहतो. पित्तनलिकेत खडा अडकून पित्त तुंबले, तर त्या साचलेल्या पित्तात क्लेब्सिएला किंवा ई. कोलाय फोफावतात. तेथे साधा जिवाणूही घातक ठरतो, कारण निचराच बंद झालेला असतो. काही क्लेब्सिएलांना मात्र खड्याची गरजच लागत नाही. त्यांच्यापाशी उग्रतेची जनुके असतात. त्यांतील आरएमपीए नावाच्या जनुकामुळे जिवाणूभोवती दाट, बुळबुळीत आवरण तयार होते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींना त्याला गिळणे अवघड जाते. प्रयोगशाळेत अशा जिवाणूंच्या ठिपक्याला तार काढून पाहतात; ती पाच मिलिमीटरहून लांब निघाली तर संशय बळावतो. लाडवांचा पाक बोटांवर पारखणाऱ्या आजींना ही परीक्षा नवी वाटणार नाही! दुसरी काही जनुके एरोबॅक्टिन नावाचे द्रव्य बनवितात. ते आपल्या शरीरातील लोह जिवाणूसाठी हिसकावून घेते.

हा उग्र प्रकार १९८०च्या दशकात तैवानमध्ये प्रथम ध्यानात आला. रुग्णांत मधुमेही बरेच होते आणि काहींच्या डोळ्यांतही हा संसर्ग पोहोचला होता. जुलै २०२४मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणखी एक इशारा दिला: हीच उग्रता आणि प्रभावी प्रतिजैविकांना न जुमानण्याची शक्ती आता एकाच जिवाणूत सापडू लागली आहे. असे जिवाणू आढळलेल्या देशांत भारतही आहे. म्हणूनच औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविक आणू नये, असे मी पुनःपुन्हा सांगतो. पहिल्या मात्रेपूर्वी रक्ताचे कल्चर घेतले, तर नेमके औषध निवडता येते.

घरातील वृद्धास मधुमेह असेल आणि हुडहुडी भरून ताप येत असेल, तर दोन दिवसही थांबू नका. कित्येक वृद्धांना ताप चढतच नाही. ते जेवण सोडतात, असंबद्ध बोलतात, दिवसभर झोपून राहतात. तापाबरोबर डोळे पिवळे झाले आणि पोट दुखू लागले, तर ती पित्तनलिकेची तातडीची अवस्था समजावी. काविळीची माळ घालून आठवडा काढण्याची ती वेळ नव्हे. दृष्टी अंधूक झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

त्या गृहस्थांचा पू नळीवाटे काढावा लागला आणि प्रतिजैविके पाच आठवडे चालली. डोळे शाबूत राहिले. आता ते दरमहा साखर तपासायला येतात, कुरकुरत का होईना.