मृत्युपत्र की ट्रस्ट? सातबारा असलेल्या घराने आधी काय करावे

हिंगोली : काही मृत्युपत्रे न्यायालयातून सिद्ध करून घेण्याची, म्हणजेच ‘प्रोबेट’ची सक्ती होती. ती करणारे भारतीय वारसा कायद्यातील कलम २१३ संसदेने डिसेंबर २०२५ मध्ये वगळले. मात्र ही सक्ती प्रामुख्याने मुंबई, चेन्नई व कोलकात्यातील मृत्युपत्रांना आणि तेथील स्थावर मालमत्तेला होती. वसमत, कळमनुरी किंवा सेनगावच्या शेतीला ती कधीच नव्हती. मग आपल्याकडचे वाद कशामुळे होतात?

मृत्युपत्र नसेल तर?

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला, तर त्याची आई, पत्नी, मुलगे व मुली यांना समान वाटा मिळतो. वारसा मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीसाठी कळवावे लागते. लग्न झालेल्या लेकीचे नाव आपोआप गळत नाही. तिने हक्कसोडपत्र दिले, तरच तिचा हिस्सा सुटतो.

सगळी जमीन मृत्युपत्रात लिहिता येते का?

स्वकष्टार्जित जमीन कोणालाही देता येते. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित जमिनीत मात्र फक्त स्वतःचा हिस्सा देता येतो. समजा, अशी ८ एकर जमीन आहे आणि घरात वडील, आई, एक मुलगा व एक मुलगी आहे. साधारणपणे प्रत्येकाच्या वाट्याला २ एकर येतील. वडील २ एकरांपुरतेच मृत्युपत्र करू शकतात. मुलीला जन्मानेच हिस्सा आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले.

मुस्लिम व्यक्तीला वारसांच्या संमतीशिवाय साधारणतः एक तृतीयांश मालमत्तेपुरतेच मृत्युपत्र करता येते.

बँकेत नॉमिनी आहे, तेवढे पुरे?

नाही. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांनी २०११ मध्ये मृत्युपत्र केले होते. २०१३ मध्ये त्यांच्या निधनानंतर नॉमिनीच्या हक्कावरून कुटुंबात वाद झाला आणि तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. शेअर व म्युच्युअल फंडाचा नॉमिनी त्यामुळे मालक ठरत नाही, असा निकाल डिसेंबर २०२३ मध्ये लागला. नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची किंवा मृत्युपत्रात नाव असलेल्यांची असते.

मृत्युपत्र कसे करावे?

साध्या कागदावर चालते, मुद्रांक शुल्क लागत नाही. सही दोन साक्षीदारांसमोर करावी आणि त्यांनीही सही करावी. नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधकांकडे केलेली बरी. वाद झाला तर हयात असलेल्या किमान एका साक्षीदाराला न्यायालयात सांगावे लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, विश्वासू आणि मालमत्तेत वाटा नसलेला निवडा. मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येते.

मग ट्रस्ट कोणासाठी?

ट्रस्टमध्ये मालमत्ता विश्वस्ताच्या नावावर जाते आणि त्याने ती ठरलेल्या व्यक्तीच्या भल्यासाठी सांभाळायची असते. दिव्यांग किंवा अज्ञान मूल, व्यवहार न जमणारी वृद्ध पत्नी अशा वेळी त्याचा उपयोग आहे. मृत्युपत्राने जमीन मुलाला मिळेल, पण ती कसणार कोण, औषधाला पैसे देणार कोण, याची सोय ट्रस्ट करतो.

हयातीत स्थावर मालमत्तेचा खासगी ट्रस्ट करायचा, तर नोंदणीकृत दस्त लागतो. त्यासोबत मुद्रांक शुल्क, वेगळे बँक खाते आणि दरवर्षीचा हिशेब येतो. शेतजमिनीत आणखी एक अडचण आहे. मराठवाड्यात हैदराबाद कूळ कायदा १९५० लागू असून बिगर शेतकऱ्याला शेतजमीन हस्तांतरित करण्यावर निर्बंध आहेत. भोगवटादार वर्ग-२ जमिनीला तर परवानगी लागते. त्यामुळे दस्त करण्याआधी तहसील कार्यालयात विचारणा करावी.

मधला मार्गही आहे. मृत्युपत्रातच ‘माझ्या पश्चात अमुक रक्कम या मुलासाठी विश्वस्तांकडे राहील’ अशी तरतूद करता येते. मतिमंद, स्वमग्न, सेरेब्रल पाल्सी किंवा बहुविकलांग मूल सज्ञान झाल्यावर कायदेशीर पालक नेमण्यासाठी नॅशनल ट्रस्ट कायदा १९९९ नुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.

आधी काय कराल?

• सातबारा व फेरफार काढून जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित, ते तपासा.
• बँक, विमा, पोस्टातील नॉमिनींची नावे मृत्युपत्राशी जुळवा.
• लेकींना समोर बसवून बोला.
• घरात सांभाळावे लागणारे कोणी नसेल, तर मृत्युपत्र पुरेसे आहे. असेल, तर ट्रस्टसाठी वकिलाचा सल्ला घ्या.