एलपी की सीडी? कानांना विचारून बघितलं

परवा शनिवारी एका मित्राकडे जेवायला गेलो होतो. नवा फ्लॅट, नवा सोफा वगैरे बघून झालं आणि मग साहेबांनी कोपऱ्यातल्या एका खोक्यावरचं फडकं अलगद बाजूला केलं. रेकॉर्डप्लेअर! शेजारी पाच-सहा कोऱ्या करकरीत एलपी, एकेकीची किंमत अडीच-तीन हजार.

"सीडीत हा गोडवा नाही रे. सीडी म्हणजे जिना, पायऱ्यापायऱ्यांचा आवाज. एलपी कशी, घसरगुंडी!"

असं म्हणणारा तो एकटा नाही. अमेरिकेत २०२२ साली ४ कोटी १० लाख एलपी खपल्या आणि सीडी ३ कोटी ३० लाख. एलपीनं सीडीला मागे टाकण्याची १९८७ नंतरची ही पहिलीच वेळ.

मीसुद्धा एलपी ऐकतच मोठा झालो. बाबांच्या पंचवीस-तीस रेकॉर्ड्स, बहुतेक शास्त्रीय संगीताच्या, आमच्या माळ्यावर आहेत. त्यामुळे मित्राचं म्हणणं खरं निघावं असं मनापासून वाटत होतं. पण सिग्नल प्रोसेसिंगचा पेपर दोनदा दिलेल्या माणसाला तो 'जिना' काही सहन होईना.

सीडीवर आवाजाची मोजणी सेकंदाला ४४,१०० वेळा होते. आता तुम्ही म्हणाल, मग दोन मोजण्यांच्या मधला आवाज गेला की! नाही जात. नायक्विस्ट आणि शॅनन यांचं गणित असं सांगतं, की यातून २२,०५० हर्ट्झच्या आतला आवाज पूर्ण परत मिळवता येतो. प्लेअरमधून बाहेर येते ती सलग, गुळगुळीत लहर. जिना फक्त पुस्तकातल्या आकृतीत असतो. माणसाचा कान फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकतो, आणि आमच्या वयात तेवढंही नाही. सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजातलं अंतर सीडीवर साधारण ९६ डेसिबल. चांगल्या एलपीवर ६० ते ७०. त्याखालचं सगळं खरखरीत बुडतं.

गंमत म्हणजे एलपीच्या दुखऱ्या जागा नेमक्या आपल्या संगीतात उघड्या पडतात. आलापीची सुरुवात अगदी हळू, म्हणजे खरखर ऐकू येणार. मागे तानपुरा एका सुरात चाललेला, म्हणजे रेकॉर्डचं भोक केसभर जरी मध्यापासून सरकलेलं असलं तरी सूर हेलकावे खाताना कळणार. आणि तिसरी गोष्ट तर फारच वाईट. एलपी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते, बाहेरही तेवढेच आणि आतही तेवढेच. पण आतला फेरा लहान. बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंटिमीटर खाच सरकते, लेबलाजवळ जेमतेम २०. तेवढ्याच आवाजाला निम्म्याहून कमी जागा, त्यामुळे तिथे आवाज फाटायला लागतो. आणि आपला तराणा, द्रुत, झाला कुठे येतो? बरोबर तिथेच!

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं. मित्र म्हणाला, "गणित राहू दे. कान काय सांगतात ते बोल."

मुद्दा बिनतोड होता. रविवारी बाबांच्या तीन रेकॉर्ड्स आणि माझा ऑडिओ इंटरफेस घेऊन परत गेलो. एलपीचा आवाज एका वाटेनं थेट अ‍ॅम्प्लिफायरला दिला. दुसऱ्या वाटेनं तोच आवाज सीडीच्या मापाच्या आकड्यांत बदलला, लगेच पुन्हा आवाजात आणला आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या दुसऱ्या इनपुटला जोडला. दोन्हींची पातळी मीटरवर जुळवून घेतली, कारण किंचित मोठा आवाज नेहमी 'छान' वाटतो. डिजिटल केल्यानं गोडवा मरत असेल तर दुसऱ्या वाटेनं तो मेलेला ऐकू यायला हवा. स्विच मित्राच्या बायकोच्या हातात, आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून.

वीस वेळा ओळखायचं होतं. मित्राचे बरोबर आले नऊ, माझे अकरा. "नाणं उडवलं असतं तरी एवढेच आले असते, आणि जेवण गरम राहिलं असतं," इति स्विचवाली बाई.

दोन माणसांचा प्रयोग म्हणजे पुरावा नव्हे, मान्य. पण मेयर आणि मोरन या दोघांनी २००७ साली असाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर करून छापला होता. त्यांनी सीडीपेक्षा जास्त तपशिलाच्या डिस्क घेतल्या आणि मध्ये सीडीच्या मापाची गाळणी बसवली. ५५४ पैकी २७६ उत्तरं बरोबर, म्हणजे निम्मीसुद्धा नाहीत. आणि २०२२ साली तर कहरच झाला. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकन कंपनीच्या महागड्या एलपी शंभर टक्के अ‍ॅनालॉग समजून जाणकार वाखाणत होते. त्यातल्या कितीतरी एलपी बनवताना मध्ये डिजिटल पायरी होती असं बाहेर आलं. तोवर कुणाच्या कानाला ती खुपली नव्हती.

मग एलपीचा गोडवा खोटा? अजिबात नाही. तो आहेच, पण तो एलपी स्वतः घालते. सुईची थोडी विकृती, थोडी खरखर, वरच्या पट्टीची थोडी झीज. आणि आमच्या प्रयोगात दिसलं तेच, की तो आकड्यांतही जसाच्या तसा उतरतो.

सीडीचं नाव मात्र माणसांनी घालवलं. शक्य तितका मोठा आवाज भरायचा म्हणून चढउतार ठेचून काढले. मेटॅलिकाचा २००८ चा 'डेथ मॅग्नेटिक' हा अल्बम तर त्यासाठी बदनामच आहे. आपल्याकडेही जुन्या रेकॉर्डिंगची खरखर काढण्याच्या नादात तानपुऱ्याची जवारी पुसलेल्या सीडी माझ्याकडे आहेत. अशा वेळी बाबांची एलपी खरोखरच सरस वाजते. पण तो दोष साफसफाई करणाऱ्याचा आहे, चकतीचा नाही.

आणि माझं स्वतःचं म्हणाल, तर लहानपणी माझ्याच हातून सुई घसरून एका रेकॉर्डवर ओरखडा उठला होता. तीच मैफल सीडीवर ऐकताना त्या जागी मी अजून 'टक्' होण्याची वाट बघतो. नाही झालं की चुकल्यासारखं वाटतं. याला ध्वनीची गुणवत्ता म्हणायचं नसतं, एवढं मला कळतं.

म्हणून नवी एलपी कव्हरसाठी घ्या, सुई ठेवण्याच्या सोहळ्यासाठी घ्या, पण 'आवाज चांगला' म्हणून तीन हजार घालवू नका. आणि माळ्यावर घरातल्या रेकॉर्ड्स असतील तर त्या आधी खाली काढा. त्यातल्या काही सीडीवर कधी आल्याच नसतील, आणि प्रत्येक वेळी वाजवताना सुई खाच थोडी झिजवतेच. एकदा नीट धुऊन, चांगल्या सुईनं वाजवून उतरवून ठेवा. खरखर काढायची घाई करू नका, ती नंतरही काढता येते. पुसलेली जवारी मात्र परत येत नाही.

माझ्या सात झाल्या. ओरखडावाली पहिली उतरवली, 'टक्'सकट.