गाईचं मायांग बाहेर आलं की अख्खं गाव जागं होतं, आणि बाईचं?

परवा शनिवारी बाजारात चहाच्या टपरीजवळ उभी होते. दोघं जण मोठमोठ्यानं बोलत होते. एकाच्या गाईचं व्यायल्यावर मायांग बाहेर आलं होतं. रात्री अकराला डॉक्टरला फोन, साखर टाकून आत बसवलं, टाके घातले, कॅल्शियमच्या बाटल्या लावल्या. आजूबाजूचे दहा जण कान देऊन ऐकत होते, सल्ले देत होते. कुणी लाजलं नाही. लाजायचं काय त्यात, दुभतं जनावर आहे.

आता मी माझं सांगते. ज्यांना हे वाचायला कसंतरी वाटेल त्यांनी इथंच थांबावं. मी ४७ वर्षांची आहे. खोकला आला, शिंक आली, जोरात हसले की माझी लघवी गळायची. थेंबभर नाही, परकर भिजेपर्यंत. धाकट्याच्या बाळंतपणापासून, म्हणजे वीस वर्षं. या वीस वर्षांत मी किती लग्नं टाळली, सप्ताहात कीर्तनाला मागे दाराजवळ का बसले, एसटीनं दौंडला जायचं म्हटलं की सकाळपासून पाणी का पीत नव्हते, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. सासूबाईंना माहीत होतं बहुतेक. कारण त्यांचंही तेच होतं. दोघी एकाच दोरीवर रोज परकर वाळत घालायचो आणि एकमेकींना काही विचारायचो नाही.

गावच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मागे मी यावर चार ओळी टाकल्या होत्या. ॲडमिननं दहा मिनिटांत उडवल्या. म्हणाले, "ताई, ग्रुपवर सगळे असतात, असले विषय नको." बरोबर आहे. त्याच ग्रुपवर म्हैस गाभण आहे का नाही याचे फोटो चालतात.

एका डॉक्टरांकडे गेले होते, नाव सांगत नाही. तपासलं नाही, खुर्चीतूनच म्हणाले, "वयानुसार होतंच. मुलं झाली ना? पिशवी काढून टाका." लघवी गळते मूत्राशयाच्या खालच्या आधारामुळे आणि काढायची गर्भाची पिशवी! गोठ्याचं दार सैल झालं म्हणून गव्हाण उखडल्यासारखं झालं हे. पिशवी काढणं हा गळतीवरचा इलाज नाही. तरी आपल्या भागात बाईच्या कमरेखालच्या कुठल्याही दुखण्याला हे एकच उत्तर ठरलेलं आहे. शेजारच्या बीड जिल्ह्यात काय झालं ते आठवा. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या सगळ्या गळतीसाठी काढल्या असं मी म्हणत नाही. पण अंगावरून जातं, ओटीपोट दुखतं, लघवीचा त्रास आहे म्हणून आलेल्या बाईला आधी नीट तपासायचं असतं, हे किती ठिकाणी झालं असेल? आणि त्याच बाया दर हंगामाला आपल्या श्रीगोंद्याच्या उसातही येतात, डोक्यावर मोळी घेऊन.

ही गोष्ट नवी पण नाही. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायांना तपासलं. १९८९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. ९२ टक्के बायांना काही ना काही स्त्रीरोग होतं आणि आधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. तेव्हा माझी आई माझ्या आजच्या वयापेक्षा लहान होती. आज गावात चार मेडिकल आहेत, प्रत्येकाच्या हातात फोर-जी आहे, पण बाई अजून तिथंच आहे, दाराजवळ बसलेली.

तर इलाज काय आहे? माझ्या पुतणीनं फिजिओथेरपी केली आहे, तिनं समजावलं. ओटीपोटाच्या तळाला स्नायूंची एक झोळी असते, बाजेच्या सुंभासारखी. बाळंतपण, जड ओझी, जुनाट खोकला, बद्धकोष्ठ यांनी सुंभं सैल पडतात आणि बाज झोळ खाते. ती पुन्हा ताणता येतात, व्यायामानं. हे अर्नोल्ड केगेल नावाच्या डॉक्टरनं १९४८ सालीच लिहून ठेवलंय. इंग्लंडच्या सरकारी नियमावलीत खोकताना-शिंकताना गळणाऱ्या बाईला पहिला इलाज हाच सांगितलाय: निदान तीन महिने, दिवसातून तीनदा, दरवेळी आठ आकुंचनं, आणि जाणकाराच्या देखरेखीखाली.

देखरेखीखाली हे शब्द दोनदा वाचा. मी आधी वर्षभर फुकटचे व्हिडिओ बघून केलं आणि उलटं करत होते. वर ओढायच्या ऐवजी बाळंतपणात देतात तशी खाली कळ देत होते. म्हणजे सैल सुंभावर अजून दोन पोती टाकत होते. पुतणीच्या ओळखीच्या फिजिओकडे पुण्याला एकदाच गेले, तिनं हातानं तपासलं, चूक दाखवली. वायू अडवतो तसं आत आणि वर ओढायचं, श्वास रोखायचा नाही, मांड्या आवळायच्या नाहीत. पुढचे तीन महिने सगळं मोबाईलवर व्हिडिओ कॉलनं.

आणि कॉल कुठून केले माहितीय? शेतातल्या मोटरच्या खोलीतून. घरात अकरा माणसं, दाराला कडी लावली की कुणीतरी वाजवणारच. स्टार्टरच्या पेटीला मोबाईल टेकवायचा, खताच्या गोणीवर बसायचं. लाईट आली की मोटर सुरू, की बाईंचा आवाज बंद! पण झालं. दीड महिना काहीच फरक नव्हता, सोडून देणार होते. तिसऱ्या महिन्यात एकदा जोरात शिंकले आणि कोरडी राहिले. पूर्ण बरी नाही झाले. पाण्याची घागर उचलताना अजून कधीतरी होतं. पण पॅड सुटलं, आणि परवा भाचीच्या लग्नात मी हळदीला नाचले.

"मोबाईलवर कसला व्यायाम, हे पुण्या-मुंबईचे चोचले" असं म्हणणाऱ्यांना सांगते, पुण्या-मुंबईच्या बाईला रिक्षानं दवाखाना गाठता येतो. फोनची गरज आपल्याला जास्त आहे. स्वीडनमध्ये उमेओ विद्यापीठानं नुसत्या मोबाईल ॲपवर हा व्यायाम देऊन बायांना फरक पडतो हे दाखवलं. पण एकदा हातानं तपासणी हवी, हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगते. लघवीत रक्त, जळजळ, ताप, सतत चोवीस तास गळती, किंवा अचानक सुरू झालं आणि पाय बधिर, असं असेल तर व्यायाम नाही, आधी डॉक्टर. शुगरही तपासा. आणि पाणी तोडू नका. लघवी घट्ट होऊन उलट जास्त लागते. पुरुषांनी हसू नये, प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर तुमच्यातल्याही बऱ्याच जणांवर हीच वेळ येते.

मागणी माझी मोठी नाही. सरकारची ई-संजीवनी २०१९ पासून आहे, उपकेंद्रातून मोठ्या डॉक्टरशी व्हिडिओवर बोलता येतं. त्याच वाटेनं आठवड्यातून एक दिवस फिजिओ द्या. ग्रामीण रुग्णालयात महिन्यातून एकदा बाई फिजिओ बसवा, पहिल्या तपासणीसाठी. आशाताईंनी घरोघरी फिरताना एक प्रश्न जास्त विचारावा, सासू बाहेर गेल्यावर. आणि ग्रामपंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला-बालकल्याणावर खर्चायचे असतात, त्यातून एक खोली द्या. कडी असलेली, वायफाय असलेली. शिलाई मशीन पुष्कळ वाटून झाली.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते. तिथं मी हा विषय मांडणार आहे, लेखी अर्जासकट. अर्जावर सह्या हव्यात. सही करायला लाज वाटत असेल तर नुसत्या येऊन माझ्या शेजारी बसा.

ज्यांना काही विचारायचंय त्यांनी कमेंटमध्ये नको, इनबॉक्सला लिहा. नवऱ्याच्या किंवा मुलाच्या मोबाईलवरून लिहीत असाल तर फक्त "मोटर" एवढंच लिहा. मी फोन करते.