लढाई संपली, हिशेब बाकी

धंद्याच्या पानावर मुलांच्या चित्रकथेची गोष्ट कशासाठी, असे काही वाचक विचारतील. मीही आधी हसलो होतो. माझी धाकटी मुलगी महिनाभर ही पुस्तके घेऊन बसली होती. माझे शिक्षण सगळे उर्दूतले, इंग्रजीत हात कच्चा. पहिला भाग तिच्याकडून वाचून घेतला, पुढचे अडखळत का होईना स्वतः वाचले. कारण त्यात कारखाना होता, कारागीर होते आणि हे शहर कोणाचे, हा झगडा होता.

मूळ मालिका ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’. अमेरिकेत निकलोडियन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात तिचे ६१ भाग दाखवले गेले. त्या दुनियेत काही लोकांना पाणी, माती, आग किंवा हवा हाताच्या इशाऱ्यावर वळवण्याची देणगी असते. फायर नेशन नावाचे राज्य शंभर वर्षे लढाई करते. शेवटी आंग हा पोरगा त्यांच्या राजाला हरवतो, राजपुत्र झुको गादीवर बसतो आणि मालिका संपते.

पण बाजारात बसणाऱ्या माणसाला ठाऊक असते की, लढाई थांबली म्हणून खातेवही मिटत नाही. घर कोणाचे, गाळा कोणाचा, मजुरी कोण देणार, हे प्रश्न त्यानंतरच सुरू होतात. डार्क हॉर्स या अमेरिकी प्रकाशकाने २०१२ पासून हीच पुढची कथा चित्रकथेत छापली. एकेक गोष्ट तीन तीन भागांत. पहिल्या पाच गोष्टी जीन लुएन यांग यांनी लिहिल्या. २०१० साली या मालिकेवर सिनेमा आला, त्यात आशियाई वळणाच्या नायकांच्या भूमिका गोऱ्या नटांना दिल्या होत्या. यांग यांनी त्याविरुद्ध चित्रकथा काढली होती. ती प्रकाशकाच्या नजरेस आली आणि पुढचे काम यांनाच मिळाले. तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाइकाला आपल्यापैकी किती जण गादीवर बसवतात?

पहिली गोष्ट ‘द प्रॉमिस’. अर्थ किंगडमच्या जमिनीवर फायर नेशनने ज्या वसाहती वसवल्या, त्या उठवायच्या असे ठरते. कागदावर न्याय अगदी साफ आहे. जबरदस्तीने घेतलेली जमीन परत करा. पण यू दाओ हे त्यातले सर्वांत जुने शहर, शंभर वर्षांचे. तिथल्या धातूकामाचे नाव दूरवर आहे आणि ते काम दोन्हीकडच्या लोकांच्या हुन्नरावर उभे आहे. सोयरिकीही झाल्या आहेत. नगराध्यक्षाची मुलगी कोरी, बाप इकडचा, आई तिकडची. ती माती वळवते आणि स्वतःला फायर नेशनची म्हणवते. तिला कुठल्या गाडीत बसवणार? झुको वसाहत उठवायला येतो आणि तिचे घर पाहून माघार घेतो. मग दोन्ही फौजा शहराच्या दारात येतात.

लेखकाने यू दाओला जन्नत करून दाखवलेले नाही, हे मला सर्वांत पटले. लढाईच्या जोरावर आलेल्यांच्या हाती दौलत आणि मूळच्यांच्या वाट्याला मेहनत, ही गोष्ट लपवलेली नाही. तरीही शहर तोडणे हा त्यावरचा इलाज नाही, असे पुस्तक म्हणते. अखेर यू दाओचा कारभार दोन्हीकडच्या लोकांनी मिळून चालवायचा ठरतो. माणसे हलवा, म्हणजे तंटा मिटेल, असे सांगणारे राजकारणी साऱ्या दुनियेत असतात. त्यांनी कारखान्यात एक दिवस उभे राहून पाहावे. साचा एकाचा, भट्टी दुसऱ्याची, गिऱ्हाईक तिसऱ्याचे. एक धागा ओढला की सगळे कापड आवळते.

‘इम्बॅलन्स’ ही गोष्ट २०१८-१९ मध्ये आली. लेखिका फेथ एरिन हिक्स. इथे मात्र माझी निराशा झाली. विषय आपल्या कामाचा आहे: क्रेनफिश टाउन या वाढत्या शहरात यंत्रे येतात आणि ज्यांच्या हातात देणगी होती त्यांचीच रोजी जाते. माझे आजोबा हातमागावर बसत. वडिलांनी पॉवरलूम घातला तेव्हा ते बरेच दिवस वडिलांशी बोलले नव्हते, असे घरात सांगत. म्हणून मी हे पुस्तक मोठ्या आशेने उघडले. पण सगळे भांडण एका दुष्ट बाईच्या गळ्यात टाकून कथा पुढे जाते. तिला हरवल्यावर त्या बेकार हातांचे काय झाले, याला पुस्तकात नीट जवाब नाही.

मुलगी म्हणते, “अब्बा, मुलांची पुस्तके आहेत ही. सगळ्याचा जवाब त्यात कसा मिळेल?”

मी म्हटले, “यू दाओचा मिळाला होता ना?”