चष्मा ‘लागतो’ तेव्हा

मराठीत चष्मा लागतो. ठेच लागते, नजर लागते, धाप लागते, तसाच चष्माही. म्हणजे माणूस बेसावध असताना येऊन आदळणारी गोष्ट. बेंगळुरूच्या बसवनगुडीत शेजारच्या कन्नड घरात याच प्रसंगी ‘कन्नडक हाकोबेकु’ असं म्हणतात, म्हणजे चष्मा घालायला हवा. स्वेटर घालावा किंवा चपला घालाव्यात, तसा. आरशाला ‘कन्नडी’ म्हणतात आणि चष्म्याला ‘कन्नडक’. नव्यानं बेंगळुरूला आलेल्या मराठी माणसाला हा शब्द ऐकून आधी वाटतं की पुन्हा भाषेचाच काही वाद निघाला. पण लहान मुलाला पहिला चष्मा मिळतो त्या दिवशी घरात कोणतं क्रियापद वापरलं जातं, यावर पुढचे पंधरा दिवस बरेचसे अवलंबून असतात.

मराठी घरातला तो दिवस साधारण सारखाच असतो. शाळेतून चिठ्ठी येते, किंवा मूल फळ्यावरचं शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतंय हे बाईंच्या लक्षात येतं. तपासणी होते, नंबर निघतो. संध्याकाळी पुण्याला किंवा बेळगावला फोन जातो आणि पलीकडून आजी म्हणते, “अगं बाई, एवढ्याशा पोरीला चष्मा?” मग चौकशी समिती बसते. मोबाइल कुणी दिला, पालेभाजी कोण खात नाही, टीव्ही किती जवळून बघते, आणि तुमच्याकडे कुणाला होता, आमच्याकडे तर कुणालाच नाही. ज्या मुलीविषयी हे सगळं चाललंय ती तिथेच सतरंजीवर बसून चित्र रंगवत असते. कान मात्र इकडे असतात. तिला एवढंच कळतं, की आपल्या हातून काहीतरी मोडलंय आणि घरचे त्याचं दुःख करतायत.

मुलं चष्म्याला कमी आणि या सुतकाला जास्त घाबरतात.

खरं तर बसवनगुडीच्या मुलाला चष्म्याची ओळख करून द्यायला घरच्यांनी लांब जायची गरज नाही. अनिल कुंबळे इथल्याच नॅशनल हायस्कूलचा आणि पुढे नॅशनल कॉलेजचा विद्यार्थी. 1990 च्या एप्रिलमध्ये शारजात श्रीलंकेविरुद्ध तो पहिला एकदिवसीय सामना खेळला आणि ऑगस्टमध्ये मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर पहिली कसोटी. सचिन तेंडुलकरचं पहिलं कसोटी शतक झालं तोच हा सामना. त्या काळातली छायाचित्रं बघावीत. उंच, सडपातळ पोरगा, चेहऱ्यावर भलामोठा चष्मा, आणि तो चष्मा घालूनच टाकलेला लेगस्पिन. पुढे त्यानं कॉन्टॅक्ट लेन्स घेतल्या. दिल्लीच्या कोटलावर 1999 मध्ये पाकिस्तानचे दहाच्या दहा गडी 74 धावांत बाद केले आणि एकूण 619 कसोटी बळींवर तो थांबला. आज महात्मा गांधी रस्त्यावरच्या चौकाला त्याचं नाव आहे. घरात क्रिकेटवेडा आजोबा असेल तर तो बडोद्याच्या अंशुमन गायकवाडांचं नाव काढील. चष्मा लावून सलामीला जाणारे गायकवाड 1983 मध्ये जालंधरला पाकिस्तानविरुद्ध 671 मिनिटं खेळले आणि त्यांनी 201 धावा केल्या. अकरा तासांहून जास्त वेळ! नाकावरचा चष्मा एवढा वेळ टिकू शकतो, हेही नातवाला त्यातून कळेल.

अर्थात कुंबळेचा फोटो दाखवला म्हणून सात वर्षांची मुलगी चष्मा घालेलच असं नाही. चष्मा देणं आणि चष्मा घातला जाणं यांतलं अंतर किती असतं, याचा पुणे जिल्ह्यात नीट अभ्यास झालेला आहे. ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळांमध्ये 2009 साली 2312 विद्यार्थ्यांना चष्मे दिले गेले. डॉ. परीक्षित गोगटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नंतर त्यांतल्या 1018 मुलांना पुन्हा गाठलं, तेव्हा प्रत्यक्ष चष्मा लावलेली मुलं निघाली 300. म्हणजे दहांतली तीन. न घालणाऱ्यांपैकी बहुतेकांनी सांगितलं, की चष्मा घरी आहे. मुलांपेक्षा मुली जास्त संख्येनं चष्मा घालत होत्या, आणि ज्यांची नजर जास्त अधू होती तेही तो अधिक प्रमाणात घालत होते. ज्याला चष्म्यानं खरंच फरक पडतो ते मूल तो ठेवतं, असा याचा सरळ अर्थ. तेव्हा मूल चष्मा काढत असेल तर आधी ‘हट्टी आहे’ म्हणून मोकळं न होता चष्म्याकडेच बघायला हवं.

बहुतेक वेळा गुन्हेगार सापडतो तो नाकावर. आपल्याकडच्या मुलांची नाकं लहान, बसकी आणि उन्हाळ्यात घामेजलेली. मोठ्यांच्या फ्रेमची छोटी आवृत्ती त्यांच्या चेहऱ्यावर बसवली की ती घसरते, मूल काचेच्या वरून बघू लागतं आणि मग चष्मा असून नसल्यासारखाच. बुबुळ काचेच्या साधारण मध्यावर यायला हवं. काडी कानामागे वळायला हवी, पण टोचायला नको. गालावर फ्रेम टेकत असेल तर मूल हसलं की ती वर सरकते. दुकानात मुलाला मुद्दाम हसवून बघावं. काच म्हणायची, पण ती काचेची नसावी. पॉलिकार्बोनेटची भिंगं वजनाला हलकी असतात आणि चेंडू लागला तरी सहसा फुटून डोळ्यात जात नाहीत. मापाला बसणाऱ्या दोन-तीन फ्रेम मोठ्यांनी आधी बाजूला काढाव्यात आणि रंग मुलाला निवडू द्यावा, मग तो जांभळा का असेना. चष्मा जांभळा आहे म्हणून आजवर कुणाचं गणित चुकलेलं नाही.

दुसरा गुन्हेगार नंबर. लहान मुलांच्या डोळ्यातला स्नायू फार तत्पर असतो. तपासताना तो आपोआप ताणला जातो आणि यंत्राला फसवतो. म्हणून मुलांचा पहिला नंबर डोळ्यात औषध घालून, स्नायू सैल पाडून काढायचा असतो. त्या दिवशी बाहुल्या मोठ्या होतात, ऊन सहन होत नाही, वही जवळ धरली की अक्षरं विरघळतात. काही औषधांचा अंमल दिवसभरात उतरतो, पण ॲट्रोपीन असेल तर आठवडा, कधी त्याहून जास्त. हे आधी सांगितलेलं नसलं तर मूल हबकतं. डॉक्टरकडे जाऊन आपले डोळे आणखीच बिघडले, अशी त्याची समजूत होते. परीक्षेच्या आठवड्यात ही तपासणी ठेवू नये, एवढं तरी आईबाबांच्या हातात असतं. बसवनगुडीकरांना चामराजपेठेच्या बाजूचं मिंटो हे सरकारी नेत्र रुग्णालय जवळ आहे. शंभर वर्षांहून जुन्या या इमारतीत औषध घालून डोळे मिटून बसलेल्या मुलांच्या कितीतरी पिढ्या होऊन गेल्या असतील.

मग प्रत्यक्ष चष्मा येतो, आणि इथे दोन प्रकारच्या मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. उणे नंबरवाल्या मुलाला लांबचं दिसत नसतं. चष्मा चढवला की त्याला लगेच लॉटरी लागते. बसची पाटी लांबून वाचता येते. ब्यूगल रॉकच्या बागेतल्या झाडांवर वाळकी फळं म्हणून जे काळं काळं दिसत होतं, ती उलटी टांगलेली वटवाघळं निघतात. हे मूल फारशी कटकट करत नाही. अधिक नंबरवाल्याचं अवघड. इतके दिवस स्नायू ताणून ताणून त्यानं काम भागवलेलं असतं आणि ती सवय एका दिवसात जात नाही. नवा चष्मा लावल्यावर त्याला लांबचं उलट धूसरच दिसतं. “आई, यानं कमी दिसतंय” ही त्याची तक्रार खरी असते. आईला मात्र वाटतं, नाटकं चाललीत. स्नायू सैल पडायला काही आठवडे जातात. सिलिंड्रिकल नंबर असेल तर जमीन तिरकी वाटते, पायरी जवळ आल्यासारखी वाटते, डोकं दुखतं; पहिले काही दिवस जिन्यात हात धरावा. दोन आठवड्यांनीही डोकेदुखी थांबली नाही तर पोराला न रागावता नंबर आणि भिंगं पुन्हा तपासून घ्यावीत. दुकानात चूक होऊ शकते.

सुरुवात शनिवारी सकाळी करावी, सोमवारी शाळेत जाताना नव्हे. जे बघायला मुलाला आवडतं ते करताना चष्मा घालायला द्यावा: कार्टून, गोष्टीचं पुस्तक, कॅरम. अभ्यासाला बसताना पहिल्यांदा घातला तर अभ्यासाचा सगळा राग चष्म्यावर निघतो.

मराठी घरांत एक जुना सल्ला अजून फिरतो. “पूर्ण नंबर देऊ नका, डोळ्याला सवय लागते, नंबर वाढतो.” ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मलेशियातल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात हेच करून बघितलं होतं. 94 उणे नंबरवाल्या मुलांपैकी काहींना पूर्ण नंबर दिला आणि काहींना पाऊण नंबरनं कमी. दोन वर्षांनी कमी चष्मा दिलेल्या मुलांचाच नंबर जास्त वाढलेला दिसला. मूल मोठं होतं तसा डोळाही लांबीनं वाढतो, म्हणून उणे नंबर वाढतो. चष्म्यानं वाढत नाही. गाजर खाऊन तो उतरतही नाही. गाजर खावं ते हलव्यासाठी.

काही मुलांच्या दोन डोळ्यांत बरीच तफावत असते. एक डोळा काम करतो आणि दुसरा बसून खातो, म्हणून त्याला आळशी डोळा म्हणतात. वाईट हे, की दोन्ही डोळे उघडे असताना काहीच लक्षात येत नाही. खेळता खेळता एकेक डोळा झाकून समोरचं कॅलेंडर वाचायला लावलं, तर घरीही संशय येऊ शकतो. यावर चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर पट्टी, असा इलाज असतो. पूर्वी ही पट्टी दिवसभर लावायला सांगत. मात्र 2003 साली अमेरिकेतल्या सात वर्षांखालच्या मुलांवरच्या चाचणीत दिसलं, की मध्यम स्वरूपाच्या दोषात दोन तासांची पट्टी सहा तासांइतकाच गुण देते. म्हणजे पट्टी शाळेबाहेर, घरच्या घरी उरकता येऊ शकते. किती तास ते अर्थात डॉक्टर ठरवतील, पण वर्गात पट्टी लावून बसावं लागणार नाही म्हटल्यावर निम्मं रडणं तिथेच थांबतं.

उरलेलं निम्मं वर्गातल्या पोरांमुळे. मराठीत ‘ढापण्या’, ‘चष्मिष्ट’, ‘बॅटरी’; बसवनगुडीच्या शाळेत त्यात ‘सोडाबुड्डी’ची भर. गोळी सोड्याच्या बाटलीचं बूड, तसली जाड काच. “दुर्लक्ष कर” हा सल्ला मोठ्यांनाही पाळता येत नाही, मग दुसरीतल्या मुलीनं कसा पाळावा? त्याऐवजी दोघी जवळच्या मैत्रिणींना रविवारीच घरी बोलवावं, चष्मा त्यांनाही लावून बघू द्यावा. सोमवारी वर्गात तीन जणी त्याच्या जाणकार असतात. वर्गशिक्षिकेला आधी भेटून दोनच गोष्टी मागाव्यात: काही दिवस पुढचा बाक, आणि चष्मा कधी काढायचा, कुठे ठेवायचा याचं एक ठरलेलं ठिकाण. शाळेत हरवणारे चष्मे मधल्या सुट्टीत बाकावर काढून ठेवलेले असतात.

चिडवणं विसरायला लावायचं तर नातीला घेऊन बाहेर निघालेले आजोबा बुल टेम्पल रस्त्यावरच्या गोखले संस्थेपाशी तिला थांबवू शकतात. डी. व्ही. गुंडप्पांनी 1945 मध्ये ही संस्था काढली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या नावानं. एका कन्नड लेखकानं कोतळुकच्या कोकणी माणसाच्या नावानं. त्या गोखल्यांच्या छायाचित्रांत डोक्यावर पगडी असते, खांद्यावर उपरणं आणि डोळ्यांना बारीक काडीचा चष्मा. नातीला राजकारण नाही कळलं तरी चालेल. चष्मा तिला बरोबर दिसतो.

ज्या घरात अजून चष्मा आलेला नाही तिथे मात्र मैदानाचा उपयोग आहे. चीनमधल्या ग्वांगझोच्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटं जादा उघड्यावर काढायला लावली. तीन वर्षांनी त्यांच्यातल्या 30.4 टक्के मुलांना उणे नंबर आला. नेहमीच्या वेळापत्रकातल्या मुलांत हे प्रमाण 39.5 टक्के होतं. फरक थोडा, पण फुकटात मिळालेला. नंबर आल्यावर मैदानामुळे तो उतरेल अशी आशा धरू नये, तरीही धाकट्या भावाला लालबागेत न्यायला हे कारण पुरेसं आहे. तसं कारण लागतच नाही म्हणा.

चार-सहा महिन्यांनी कुटुंब पुन्हा चष्म्याच्या दुकानात उभं असतं. काडी वाकलेली, काचेवर ओरखडे, एका बाजूला रबराचा पट्टा. मुलगी चष्म्यावरच झोपली होती. आई ओशाळून सांगते की ही फार निष्काळजी आहे. दुकानदार काही बोलत नाही. काडी गरम हवेवर धरतो, बोटांनी वळवतो, फुंकर मारून नाकावर चढवतो आणि म्हणतो, “मान हलव बघू.” मुलगी जोरात मान हलवते. चष्मा जागचा हलत नाही. काचा पुसण्यासाठी फ्रॉकचं टोक ती हातात घेते, आईकडे बघते, सोडून देते आणि खिशातलं फडकं काढते.