लोहाराचा हक्क कोणी मोडला?

‘शंभर सोनाराची, एक लोहाराची’ ही म्हण आपण येताजाता वापरतो. तीत कौतुक आहे ते घावाचे. घाव घालणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही. इंग्रजी अमदानीत या माणसाचे काय झाले, हे मात्र पाहण्यासारखे आहे, कारण तो हिशेब अजून मिटलेला नाही.

गावगाड्यात लोहार हा बहुतेक ठिकाणी थोरल्या कासेतला बलुतेदार. फाळ शेवटायचा, कुळवाची पास करायची, विळे-खुरप्यांना धार लावायची, गाडीच्या चाकावर धाव चढवायची. लोखंड आणि कोळसा कुणब्याने आणायचा, भाताही बहुधा त्यानेच ओढायचा. मोबदला रोख नाही. सुगीला खळ्यावर धान्य. लोहारावाचून पेरणी अडे, म्हणून त्याला मान होता. पण पंगतीतली जागा जातच ठरवी, आणि मुलाने दुसरा धंदा धरायची सोय नव्हती. तेव्हा त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तरीही बलुते ही भीक नव्हती. तो वंशपरंपरेचा हक्क होता आणि तो बुडाला तर गोतसभेपुढे दाद मागता येत असे.

इंग्रजांनी हा हक्क एका फटक्यात रद्द केला नाही. त्यांनी तो बेदखल केला. १८३६ पासून इंदापूरकडून सुरू झालेल्या नव्या जमीनधारापद्धतीत शेतकऱ्याला सारा रोख भरायचा होता. पीक बाजाराकडे वळले, तसा खळ्यावरचा वाटा जड वाटू लागला. १८७४ च्या वतन कायद्याचा भर होता तो सरकारच्या उपयोगी पडणाऱ्यांवर, म्हणजे पाटील, कुलकर्णी, महार यांच्यावर. लोहार-सुतारांचे बलुते ही गावाची खासगी बाब ठरली.

तिकडे विलायती लोखंड स्वस्त झाले. सह्याद्रीत भट्ट्या लावून लोखंड गाळणारे धावड होते. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर त्यांच्यासारख्यांना कोळसा मिळणे दुरापास्त झाले. त्याच वर्षीच्या शस्त्र कायद्याने परवान्यावाचून हत्यारे घडवणे गुन्हा ठरला.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १८५३ मध्ये आगगाडी आली आणि रेल्वेच्या कारखान्यांत घण चालवणाऱ्या हातांना काम मिळाले. तिथे रोजंदारी रोख होती आणि गावातल्याइतका जातीचा काच नव्हता. वरचा साहेब मात्र गोरा असे, आणि भट्टी, ऐरण, हातोडा यांपैकी काहीच कामगाराच्या मालकीचे नसे. पुढे १९१० मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. त्यांचा लोखंडी नांगर शेतकऱ्याला उपकारक ठरला यात शंका नाही. पण त्याचे भाग साच्यात ओतलेले असत. गावच्या भात्याचे काम तेवढे कमी झाले.

१९६९ च्या राष्ट्रीयीकरणानंतर मी ग्रामीण शाखांत कर्जाचे अर्ज तपासत असे. लोहाराच्या अर्जात कसब भरपूर, पण तारणाचा रकाना कोरा. जमीन नाही, पगारपत्रक नाही. आजोबांच्या काळी अख्खे गाव त्याचे देणे लागे. त्या देण्याचा एकही कागद त्याच्याकडे नव्हता. ज्याला कागद नाही त्याची पत नाही, हा बँकेचा नियम. तो नियम लोहाराच्या वाट्याला आला त्याची मुळे त्या जुन्या सरकारी वर्गवारीत होती, असे मला वाटते.

सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम विश्वकर्मा’ योजना सुरू केली. अठरा व्यवसायांत लोहारकाम आहे. तारणावाचून आधी एक आणि मग दोन लाखांपर्यंत, पाच टक्के व्याजाने कर्ज मिळू शकते. चांगली गोष्ट आहे. परंतु कर्जाने भट्टी पेटेल, गिऱ्हाईक येईलच असे नाही. ग्रामपंचायतींनी, शाळांनी, शेतीसंस्थांनी आपल्या गरजेची अवजारे, फाटके, गज जवळच्या लोहाराकडून करून घ्यायचे ठरवले, आणि त्याचे पैसे वेळेवर दिले, तर त्याच्या तारणाच्या रकान्यात लिहायला काहीतरी येईल.