विजेरी कीं बंदूक?

संगणकावरील राक्षस मारण्याच्या खेळांत मुलांस कसली गोडी, असें वडीलधारीं विचारतात. २००४ सालचा ‘डूम थ्री’ घ्या. मंगळावरील प्रयोगशाळेंत नरकाचें द्वार उघडतें. एकटा सैनिक काळोखांत सांपडतो. हातीं एका वेळीं विजेरी तरी, नाहींतर बंदूक! पाहावें तर मारतां येत नाहीं, मारावें तर दिसत नाहीं. नाट्यशास्त्रांत भयानक रसाचा वर्ण कृष्ण सांगितला आहे, तो उगाच नव्हे. २०१२ च्या आवृत्तींत विजेरी चिलखतावरच बसविली. सोय झाली, भीति मात्र उणावली. अमेरिकेंत हा खेळ सतरा वर्षांवरील खेळाडूंसाठींच मानतात, आणि त्यांतील रक्तपात पाहतां तें रास्तच आहे. अंबरनाथेस आमच्या घरीं धाकट्यांस तो वर्ज्य. कॉलेजांतल्या नातवास मात्र दिवा मालवून खेळूं देतों.